पत्त्यांचा डाव : पारावरचा आणि पडद्यावरचा

अक्षय्य तृतीया महाराष्ट्रात सर्वत्र साजरी होते. परंतु जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत 'आखाजी' म्हणून तिला जे स्थान आहे, ते दिवाळीच्या खालोखाल मानावे लागेल. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, घरोघरी सांजोऱ्या तळल्या जातात. शेतीची कामे या सुमारास आटोपलेली असतात. सालदाराचे जुने साल संपून नवे ठरविण्याचाही हाच मुहूर्त. ऊन असे की दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. या मोकळ्या दिवसांत खानदेशातील पुरुषमंडळी पिढ्यान् पिढ्या पत्ते खेळत आली आहेत. एरवी पत्त्यांना घरात थारा न देणारे वडीलधारेही आखाजीच्या दिवशी ओट्यावरच्या डावाकडे काणाडोळा करतात.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा डाव हळूहळू मोबाईलमध्ये शिरला आहे. भुसावळहून जळगावमार्गे नंदुरबार-सुरतेकडे जाणाऱ्या गाड्यांतून रोज ये-जा करणारे प्रवासी पूर्वी गुडघ्यांवर रुमाल पसरून मेंढीकोट मांडीत. आज त्याच बाकावर चौघे चार पडद्यांत डोके घालून बसलेले दिसतात आणि त्यांतील एखादा तरी पत्तेच खेळत असतो. हा बदल चांगला की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. 'पत्त्यांचे ॲप' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात : एकट्याने लावावयाचा डाव, भिडूंबरोबर खेळावयाचा डाव आणि पैसे लावून खेळावयाचा डाव. पहिल्या दोहोंचे गुण पुष्कळ आहेत. त्यांचा मुख्य दोष असा, की त्यांच्या अगदी कडेला तिसरा उभा असतो आणि मधली भिंत फार पातळ असते.

एकट्याने लावावयाचा डाव

आपल्याकडे जुन्या पिढीत ज्याला 'पेशन्स लावणे' म्हणत, तोच हा सॉलिटेअर. त्याचा सर्वांत रूढ प्रकार क्लोंडाईक या नावाने ओळखला जातो. बावन्न पानांपैकी २८ पाने सात ओळींत मांडावयाची. पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दोन, अशी सातव्या ओळीत सात. प्रत्येक ओळीतील शेवटचे पान उघडे, बाकीची पालथी. म्हणजे २१ पाने झाकलेली राहतात आणि उरलेली २४ हाती गठ्ठ्यात असतात. काळ्यावर लाल, लालवर काळे अशी उतरती मांडणी करीत झाकलेली पाने मोकळी करावयाची आणि शेवटी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत लावून द्यावयाचे, एवढाच खेळ.

हा खेळ संगणकावर घरोघरी पोहोचला तो मे १९९० मध्ये. मायक्रोसॉफ्टने त्या वेळी काढलेल्या विंडोज ३.० या प्रणालीबरोबर तो फुकट दिला होता. वेस चेरी या शिकाऊ तरुणाने तो लिहिला, पानांची चित्रे सुझन केअर या चित्रकर्तीने केली. चेरी यांना त्याबद्दल स्वामित्वधन म्हणून काही मिळाले नाही. खेळ देण्यामागे करमणुकीपलीकडचाही हेतू होता. माऊस हे साधन तेव्हा लोकांना नवे होते. बटण दाबून धरून वस्तू उचलावी, ओढत न्यावी आणि हव्या त्या जागी सोडावी, ही क्रिया पाने हलविताना आपोआप अंगवळणी पडे.

महाराष्ट्रातही या खेळाने हेच काम केले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावी संगणकवर्ग निघाले आणि शासकीय कर्मचाऱ्यांपासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत हजारो लोकांनी प्रथमच माऊस हाती धरला. त्यांच्यापैकी अनेकांचा हात सॉलिटेअरच्या पानांवर बसला. साहेबांची चाहूल लागताच पडद्यावरील पाने नाहीशी करण्याची हातोटी काहींनी टंकलेखनाच्या आधी साधली, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही. २००६ साली न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर पाहून त्याला कामावरूनच कमी केले होते. तेव्हा हा दोष केवळ आपल्याच कचेऱ्यांचा नव्हे.

या खेळातून काय मिळते, याचा थोडा खोलात विचार केला पाहिजे. क्लोंडाईकचा प्रत्येक डाव सुटतोच असे नाही. सर्व झाकलेली पाने आपल्याला आधीच ठाऊक आहेत असे धरले, तरी गठ्ठ्यातून तीन-तीन पाने उलटण्याच्या नियमाने शंभरांपैकी सुमारे ८२ डाव सुटू शकतात, असे संगणकाच्या साहाय्याने काढलेले गणित सांगते. उरलेले अठरा कितीही डोके चालविले तरी सुटणारे नसतात. प्रत्यक्षात पाने झाकलेली असल्यामुळे माणसाला यश यापेक्षा बरेच कमी मिळते. फ्रीसेल या भावंड-खेळात मात्र सर्व ५२ पाने सुरुवातीपासून उघडी असतात. विंडोजमधील फ्रीसेलचे ३२,००० ठरीव डाव होते. त्यांतील ११९८२ या क्रमांकाचा एकच डाव सुटू शकत नाही, असे आढळून आले. म्हणून फ्रीसेलमध्ये हरलो तर चूक बहुधा आपली असते, क्लोंडाईकमध्ये हरलो तर ती आपली असेलच असे नाही. हाती आलेल्या पानांपैकी नशीब किती आणि बुद्धी किती हे ओळखणे, हे पत्त्यांचे खरे शिक्षण होय.

या शिक्षणातून शास्त्रालाही लाभ झालेला आहे. गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम हे १९४६ साली आजारातून उठत असताना कॅनफिल्ड नावाचा पेशन्सचा डाव लावीत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे अवघड जाते असे पाहून, शंभर डाव लावून किती सुटतात ते मोजणेच सोपे नाही का, असे त्यांच्या मनात आले. अणुशास्त्रापासून अनेक क्षेत्रांत आज वापरली जाणारी 'माँटे कार्लो' पद्धत त्या विचारातून जन्मली.

आजची बहुतेक ॲप 'हमखास सुटणारा डाव' मागण्याची सोय देतात, चाल मागे घेऊ देतात आणि अडल्यास पुढची चाल सुचवितातही. नवशिक्याला ही सोय उपकारक आहे. रोजच्या खेळात मात्र तिच्यामुळे हार पत्करण्याची सवय मोडते. हातातील कागदी पाने चाल मागे घेऊ देत नाहीत. घेतलीच तर निदान स्वतःच्या मनाशी कबूल करून घ्यावी लागते.

पाने पिसणारा यंत्रमानव

ॲपवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप म्हणजे 'मशीन मुद्दाम वाईट पाने देते.' बिनपैशाच्या खेळापुरते बोलावयाचे तर यात फारसे तथ्य नसते; उलट दोष असलाच तर तो आपल्या हातांचा आहे. बावन्न पानांच्या मांडण्या आठावर सदुसष्ट शून्ये लिहिल्यावर येणाऱ्या संख्येइतक्या आहेत. गठ्ठ्याचे दोन भाग करून पाने एकमेकांत घुसविण्याच्या पद्धतीने ती नीट मिसळण्यास सुमारे सात वेळा पिसावे लागते, असे बायर आणि डायाकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले. पारावर आपण पाने वरच्यावर दोन-तीनदा सारतो आणि वाटून मोकळे होतो. मेंढीकोटात जिंकलेले हात चार-चार पानांच्या ढिगांत गोळा होतात आणि त्यांत बहुधा एकाच रंगाची पाने असतात. असा गठ्ठा नीट न पिसता एकेक पान वाटला, तर ती चार पाने चौघांत विभागली जातात आणि प्रत्येकाच्या हाती चारही रंग सारखे येतात. याची सवय झालेल्यास संगणकाने प्रामाणिकपणे पिसलेला डाव विचित्र वाटतो. एकाकडे सात बदाम आणि दुसऱ्याकडे एकही नाही, ही खऱ्या मिश्रणात अगदीच अशक्य गोष्ट नव्हे.

मात्र संगणकाचे पिसणे हे शेवटी कोणीतरी लिहिलेले गणित असते आणि ते चुकू शकते. १९९९ साली अमेरिकेत ऑनलाईन पोकरमधील पाने पिसण्याचा एक आज्ञाक्रम संगणक-तज्ज्ञांनी तपासला. पिसण्याचा आरंभबिंदू मध्यरात्रीपासून किती सहस्रांश सेकंद लोटले यावरून ठरत असे. एका दिवसात असे क्षण अवघे ८ कोटी ६४ लाख. म्हणजे त्या अफाट संख्येतील एवढेच डाव तेथे निघू शकत होते. आपली पाने आणि टेबलावर उघडी झालेली पाने पाहून समोरच्याच्या हातात काय आहे, हे त्या तज्ज्ञांना खेळ चालू असतानाच ओळखता आले. सॉलिटेअरमध्ये अशी चूक राहिली तर कोणाचे काही बिघडत नाही. पैसे लावलेल्या खेळात ती राहिली तर सामान्य खेळाडूला तिचा सुगावाही लागणार नाही, हा यातील महत्त्वाचा भेद होय.

चार भिडू, चार गावे

खानदेशातील कितीतरी कुटुंबांतील एक भाऊ गावी शेतीवर, दुसरा सुरतेच्या कापड उद्योगात आणि तिसरा पुण्या-नाशिकला असतो. आखाजीला सर्वांना येणे जमतेच असे नाही. मेंढीकोट, बदाम सात यांसारख्या खेळांच्या ॲपमध्ये खासगी बैठक मांडण्याची सोय असेल, तर असे चौघे आपापल्या जागी राहून एक डाव टाकू शकतात. ज्यांचे भिडू एकेक करून निघून गेले अशा वृद्धांनाही मोठ्या अक्षरांची पाने आणि सदैव तयार असलेला सोबती मिळतो.

आणखी एक लाभ असा, की ज्याची चर्चा कोणी करीत नाही. गावाच्या पारावरील डावात स्त्रियांना कधीच जागा नव्हती. त्यांचे पत्ते म्हणजे घरात मुलांबरोबरचा झब्बू, गुलामचोर किंवा बदाम सात. आखाजीला त्यांचा मान झोक्याला आणि गौराईच्या गाण्यांना. हुकूम बोलण्याचा मान पुरुषांचा. दुपारची आवराआवर झाल्यावर मोबाईलवर मेंढीकोट खेळणाऱ्या गृहिणीला मात्र कोणाची परवानगी काढावी लागत नाही.

तरीही पडद्यावरचा मेंढीकोट हा पारावरच्या मेंढीकोटाची सावलीच म्हणावा लागेल. या खेळात तेरा-तेरा पाने, समोरासमोर बसलेल्यांची जोडी आणि सारी धडपड चार दश्श्यांसाठी असते. उतारीचा रंग हाती नसलेला भिडू हुकूम केव्हा काढतो, जोडीदाराने टाकलेल्या छक्कीचा अर्थ काय, समोरच्याने दश्शी दाबून ठेवली आहे की त्याच्याकडे ती नाहीच, हे सारे चेहरा, हाताचा वेग आणि वर्षानुवर्षांचा परिचय यांवरून ताडले जाते. ॲपमध्ये पाने आपोआप रंगवार लागतात, रंग असताना हुकूम मारू दिला जात नाही, डोळ्यांच्या खुणा करता येत नाहीत. लबाडी संपली हे खरे, पण तिच्याबरोबर ती पकडण्याची मौजही संपली. शिवाय हरत आलेला भिडू मध्येच उठून गेला तर त्याच्या जागी यंत्र खेळू लागते. पारावर असे उठून जाणाऱ्यास दुसऱ्या दिवशी गावाला तोंड दाखवावे लागे.

न संपणारा डाव

कागदी पत्त्यांचा डाव अनेक कारणांनी संपत असे. दिवेलागण होई, गुरे परत येत, कोणाची तरी आई हाक मारी, एक भिडू उठला की बैठक मोडे. मोबाईलवरील डावाला यांपैकी एकही कारण लागू नाही. एक डाव मिटण्याआधीच दुसरा वाटलेला असतो. त्यातच रोजचे आव्हान, सलग दिवसांची मोजणी, खंड पडल्यास हातची गेलेली 'नाणी' अशा युक्त्या योजलेल्या असतात. यांचा पत्त्यांशी काडीचा संबंध नाही. खेळणाऱ्याने परत यावे आणि आल्यावर जाहिरात पाहावी, एवढाच त्यांचा हेतू असतो. विंडोजबरोबर दोन दशके विनाजाहिरात मिळणारा सॉलिटेअर २०१२ सालच्या विंडोज ८ पासून जाहिरातींसह आला आणि जाहिराती नको असल्यास वर्गणी भरावी, अशी व्यवस्था झाली. फुकट खेळाची किंमत खेळणारा आपल्या वेळाने चुकवीत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराची नोंद केली असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. थोडा अधिक वेळ खेळणारा प्रत्येक जण रुग्ण ठरतो असा याचा अर्थ नव्हे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारणपणे वर्षभर टिकली तर हे निदान केले जाते.

उलट बाजूने, पत्त्यांच्या ॲपमुळे स्मरणशक्ती तल्लख होते, म्हातारपणीचा विसराळूपणा टळतो, असे दावेही सावधपणेच घ्यावेत. बुद्धिवर्धक खेळ विकणाऱ्या लुमोसिटी या अमेरिकन ॲपच्या कंपनीला अशाच अतिरंजित जाहिरातींबद्दल २०१६ साली २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली होती. फ्रीसेल खेळून फ्रीसेल चांगले येते. विरंगुळा मिळतो तो वेगळा, आणि तोही काही कमी नव्हे.

पैशांचा डाव

कडेला उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या खेळाकडे आता वळू. आखाजीचा पारावरचा डावही नेहमीच निष्पाप होता असे नाही. पैसे लावून खेळला जाणारा डाव १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतो, सणाचे निमित्त त्याला सूट देत नाही. या डावांत बैलजोडी गमावल्याच्या कहाण्या खानदेशात आजही सांगितल्या जातात. परंतु पारावर हरलेला पैसा बहुधा गावातच राही, खेळ सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले आणि खिसा रिकामा झाला की थांबावे लागे. मोबाईलमध्ये खेळ आणि बँकेचे खाते एकाच पडद्यावर आहेत. कापसाच्या विक्रीचे पैसे खात्यावर जमा झालेल्या रात्री ते कोठे जात आहेत, हे शेजारच्या खाटेवर झोपलेल्यालाही कळत नाही.

शिवाय येथे प्रत्येक डावातून चालविणारी कंपनी आपला वाटा आधी काढून घेते. समजा, तुल्यबळ असे दोन खेळाडू प्रत्येकी १०० रुपये लावतात, कंपनी २० रुपये ठेवते आणि जिंकणारास १८० रुपये देते. दहा डावांत पाच जिंकणाऱ्या व पाच हरणाऱ्या खेळाडूने १,००० रुपये भरले आणि त्याला ९०० रुपये मिळाले. त्याच्या समोरच्याचेही तेच. दोघेही बरोबरीत, दोघेही १०० रुपयांनी खाली. डाव जितके अधिक, तितका खड्डा खोल.

रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे आणि तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली केला होता. ऑनलाईन रमीच्या कंपन्या वर्षानुवर्षे त्याच निर्णयाच्या आधारावर उभ्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयीचा नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. अशा खेळांपायी सुमारे ४५ कोटी लोक वर्षाकाठी २०,००० कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा केंद्र शासनाचा त्या वेळचा अंदाज होता. या कायद्याने पैशांच्या ऑनलाईन खेळापुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच दूर सारला. जिंकण्याच्या आशेने पैसे लावावयाचे असतील, तर खेळ कोणताही असो, तो चालविणे, त्याची जाहिरात करणे आणि त्यासाठीचे पैशांचे व्यवहार पार पाडणे यांस मनाई करण्यात आली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार न मानता बळी मानले आहे. कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. तथापि देशातील मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे डाव त्याच महिन्यात बंद केले. पैसे न लावता खेळावयाच्या पत्त्यांना, म्हणजेच सॉलिटेअरला किंवा घरगुती मेंढीकोटाला, या कायद्याने कोणतीही बाधा येत नाही.

प्रश्न उरतो तो परदेशांतून चालणाऱ्या आणि संदेशांतील दुव्यावरून उतरवून घ्यावयास सांगणाऱ्या ॲपचा. पहिल्या दोन-तीन डावांत जिंकू द्यावयाचे, जिंकलेली रक्कम दिसू द्यावयाची, पण काढू लागताच 'आधी कर भरा' असे सांगावयाचे, ही फसवणुकीची नेहमीची रीत आहे. रमीच्या जाहिरातीतील बोट अनेकदा सॉलिटेअरच्या पडद्यावरूनच उचलले गेलेले असते. म्हणून घरातील मुलांच्या किंवा वृद्धांच्या हाती पत्त्यांचे ॲप देताना ते अधिकृत भांडारातूनच उतरवावे. सॉलिटेअरला इंटरनेटची मुळीच गरज नसते. डेटा बंद करून खेळल्यास बहुतेक ॲपमधील जाहिराती दिसेनाशा होतात. पत्त्यांच्या खेळाला संपर्कयादी, ठिकाण किंवा संदेश पाहण्याची परवानगी लागत नाही. ती मागणारे ॲप काढून टाकणेच इष्ट.

पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विलंब न लावता कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडविण्याची शक्यता अधिक. खेळाची ओढ आवरेनाशी झालेल्यास आणि त्याच्या घरच्यांस टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळू शकतो. लाजेपोटी किंवा घरच्यांच्या भीतीने ॲप तत्काळ पुसून टाकण्याकडे बहुतेकांचा कल असतो. तसे करण्यापूर्वी व्यवहारांचे क्रमांक, आलेले संदेश आणि पडद्याची छायाचित्रे वेगळी जपून ठेवावीत, कारण तक्रार नोंदविताना प्रथम तीच मागितली जातात.